खालून तिसरा बोल्ट

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ ऑक्टोबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून कागदावर लिहितेय. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. न वाचता फाडलंस तर माझा इलाज नाही.

मशीन पोचलं. आधी कळवलं असतंस तर निदान गेटवर तमाशा झाला नसता. गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने आवळलेली ती लांबलचक वस्तू ट्रान्सपोर्टवाला कॉलनीच्या गेटवर टाकून निघून गेला. गार्डचा मला ऑफिसात फोन, "मैडम, आपके नाम से कुछ आया है, बॉडी जैसा लग रहा है." मी मीटिंग सोडून धावले. तोवर सृष्टी कॉलेजातून आली होती. ती त्याला म्हणाली, "अरे भैया, नानाजी की बोट का इंजन है." होडीच्या मागे लावायचं मशीन सरकारी क्वार्टरात आलेलं बघून तो इतका खूश झाला की ढकलगाडी त्यानेच आणली.

आबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. ते मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. गोणपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माजां मशीन." इथे आल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, दादाने समेटासाठी पाठवलंय. मनातल्या मनात तुला शंभर आशीर्वाद दिले. ते आता परत घेतेय.

तुझ्या मेहुण्यांनी, हेरंबनी, जुन्या पलंगाच्या फळ्या ठोकून स्टँड केला, खाली पाण्याचं पिंप ठेवलं. आबांनी स्वतः दोरी ओढली. डॉक्टरांनी ओझं उचलायला, जोर लावायला मनाई केलीय, पण कोण ऐकतं? दोरी लोण्यातून सुरी यावी तशी अलगद बाहेर आली. मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. आबांनी परत ओढली, या वेळी हळू, हाताने काहीतरी चाचपत असल्यासारखी. मग खुर्चीत बसले ते बसलेच. दम लागला म्हणून नव्हे.

तुला माहीतच आहे, आपल्या मशीनची दोरी ओढताना दट्ट्या हाताला कसा अडवायचा. मी दहा वर्षांची असताना लोंबकळले होते त्या दोरीला. तो अडसर आता नाही. आत दाब धरत नाही, कॉम्प्रेशन गेलंय. आबा म्हणाले, "मारुतीन मशीन मारल्यान. तेल घालूक नाय, सुक्या चालवल्यान." तेव्हापासून हे एकच वाक्य. जेवताना तेच, औषध घेताना तेच.

जुनं भांडण मला उकरायचं नाही. खाडीवर पूल झाला, होडीने जाणारं कुणी उरलं नाही, किनाऱ्यावर कुजणारी होडी तू रिसॉर्टवाल्याला दिलीस. त्यात चूक काय ते मला अजूनही कळलेलं नाही. पण घरात बसलेल्या माणसाला न सांगता दिलीस, आणि त्यांना ते चहाच्या टपरीवर कळलं. मग शब्दाला शब्द वाढला, तू म्हणालास "जा मग रेवूकडे", आणि आबा खरंच पिशवी घेऊन माझ्याकडे आले. बघ, उकरलंच शेवटी.

एवढंच सांग. तेल न घालता चालवलंस का? हो किंवा नाही. आबांना आयुष्यात आता दुसरा प्रश्न उरलेला नाही, आणि त्यांच्या छातीची जी अवस्था आहे ती बघता तो उरायला नको असं मला वाटतं.

रेवती


१९ ऑक्टोबर

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डं अजून छापतात हे मला तुझ्यामुळे कळलं.

"प्लग दोन्ही काढ. थ्रॉटल पूर्ण उघड. मग गेज लाव. दोन्ही सारखे का ते कळव." खाली सहीसुद्धा नाही. वर्षभर तोंड मिटून बसलेल्या भावाचं पहिलं पत्र! आबा कसे आहेत, तू कशी आहेस, दिल्लीत थंडी पडली का, काही नाही. सृष्टीने वाचलं आणि विचारलं, "मम्मा, मामा हमेशा ऐसे ही बात करते हैं?" मी म्हटलं, हो गं बाई, हे तर त्याने मन मोकळं केलंय.

पण कार्ड बघून मी चरकले, का ते सांगते. तुझं उत्तर येण्याआधीच मी दाब मोजायचं गेज आणलं होतं. कश्मीरी गेटला जाऊन आणलं, दुकानदाराला वाटलं माझी स्कूटर बिघडलीय. इथल्या स्कूटरवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने एकच प्लग काढला, दुसरा तसाच ठेवला, थ्रॉटल बंद, आणि दोरी ओढली. काटा पन्नाशीच्या जरा वर जाऊन थांबला. मिस्त्री म्हणाला, "भाभीजी, रिंग गई, बोर गया, ये तो कबाड़ है." आबा शेजारीच बसले होते. हिंदी त्यांना येत नाही, पण कबाड कळलं.

मग तुझ्या कार्डाप्रमाणे केलं. दोन्ही प्लग काढले, थ्रॉटलची तार मी हाताने ओढून धरली, सृष्टीने पाय लावून दोरी ओढली, काटा वर चढायचा थांबेपर्यंत. वरच्या सिलिंडरला ऐंशी. मग खालच्याला. तिथेही ऐंशी, अगदी नेमके. मला वाटलं गेज अडकलंय, म्हणून परत केलं. ऐंशीच.

म्हणजे सारखे आहेत. आता पुढे? तू विचारलंस म्हणून कळवलं, पण याचा अर्थ काय हे तू सांगितलं नाहीस. आबा म्हणतात, नव्याचं एकशेवीसच्या पुढे होतं, म्हणजे दोन्ही दट्टे सारखेच मारलेस. वाईट बातमीतही न्याय केलास म्हणे.

याच आठवड्यात आबांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथे एका नळीत जोरात फुंकायला लावतात आणि पडद्यावर आकडा येतो. आकडा वाईट आला. आबा डॉक्टरांना म्हणाले, "माजा कॉम्प्रेशन गेला, मशीनाचा पण गेला. दोगांच्यो रिंगा बदला." डॉक्टर पंजाबी. सृष्टीने हिंदीत सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले आणि मग मला बाहेर बोलावून म्हणाले की हवा बिघडायच्या आत यांना दिल्लीतून हलवता आलं तर बघा. मी कुठे हलवू? तुझ्याकडे?

आबांना हे विचारलं. गावी जाता का, दादाकडे? त्यांनी जे उत्तर दिलं ते तुझ्यापर्यंत पोचवायला सांगितलंय, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "तेका लिव, माका तोंड दाखव नको."

लिहिलं. माझं काम संपलं. आता तुझं उत्तर येऊ दे.

रेवती


९ नोव्हेंबर

दादा,

दिवाळी गेली, तुझं कार्ड नाही. पोस्टाला सुट्ट्या होत्या असं मी स्वतःला सांगते.

इथली हवा आता बाहेर पडण्याजोगी राहिलेली नाही. सकाळी समोरची टाकी दिसत नाही. आम्ही खिडक्यांच्या फटींना सेलोटेप लावलीय, घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलंय, ते दिवसभर घरघरतं. आबा म्हणतात याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, याचंही काहीतरी गेलेलं असणार. नाकात नळी घालून, तोंडावर मास्क लावून मागच्या अंगणात जाऊन बसतात. मशीनपाशी. मी ओरडते. ऑफिसातून फोन करकरून ओरडते. घरी आले की ते तिथेच असतात.

आयएनए मार्केटातून हेरंबनी बांगडे आणले होते, दिवाळीनंतर जरा तोंडाला चव म्हणून. आबांनी घास घेतला आणि म्हणाले, "बर्फातलो." पण संपूर्ण खाल्ला. हे तुला मुद्दाम सांगतेय, सगळंच वाईट चाललंय असं तुला वाटू नये.

एक गोष्ट मात्र घडली. आबांना अचानक आठवलं की प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत गेज लावायचं. रिंगा झिजल्या असतील तर तेल फटी भरतं आणि आकडा चढतो. आम्ही सोडलं. आकडा चढला नाही. ऐंशीच्या किंचित वर, बस. आबा कितीतरी वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, रिंगा बऱ्या आहेत. तेल घातलेलं होतं. दादा, त्यांचा आवाज कसा झाला होता ते मला कागदावर उतरवता येणार नाही. तुझ्यावरचा आरोप जरासा सैल झाला आणि त्या सैल झालेल्या जागी त्यांना काय ठेवावं कळेना.

कारण मग कॉम्प्रेशन गेलं कुठे? त्यांच्या मते आता एकच उरतं. हेड. सिलिंडरवरच्या त्या झाकणाखालचं गॅस्केट जळलं असेल किंवा झाकणच वाकलं असेल. उघडून बघायचं.

मी म्हटलं, दादाचं कार्ड येऊ दे. तो सांगेल. तर म्हणाले की चाळीस वर्षं ते मशीन त्यांनी चालवलं, त्यांना मारुतीला विचारायची गरज नाही. तुम्हा दोघांचा हा ताठा कुठून आला ते मला आता नेमकं कळलंय, पण त्याचा उपयोग काही नाही.

उद्या रविवार. उद्या उघडणार. मिस्त्रीला बोलावलंय पण पाना स्वतः धरणार म्हणतात. अडवलं तर चिडतात आणि चिडले की ओठ निळे पडतात. नाही अडवलं तर पान्याला जोर लावतील आणि तरी ओठ निळे पडतील. तू असतास तर काय केलं असतंस? मला खरंच माहीत नाही काय करायचं ते. आज दुपारभर मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

लहानपणी आबा आपल्याला होडीच्या पंख्याची तुटलेली पिन दाखवायचे, आठवतं? तुटलेल्या जागी काळपट दिसलं तर जुनं दुखणं, आधीच तडा गेलेला. चांदीसारखं चकचकीत दिसलं तर धडधाकट होती, आजच्याच घावाने तुटली. आपण दोघं कचऱ्यातले खिळे शोधून परीक्षा घेत बसायचो. आज सृष्टीला ते सांगायला गेले तर तिला पिन म्हणजे साडीची वाटली.

कार्ड पाठव. काहीही लिही, चार शब्द लिही.

रेवू


१२ नोव्हेंबर
(स्पीड पोस्टाने)

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. सोमवारी. रविवारी आम्ही हेड उघडलं होतं.

तू लिहिलंस, "उघडू नका. दोन गॅस्केट मी घातलीत, रॉकेलसाठी. म्हणून कमी दाखवतं, दोन्हीकडे सारखं. मशीन बरं आहे, जेट बदलला की पेट्रोलवर धावेल. आबांना सांगू नका. मी येणार नाही. मला बघून त्यांना दम लागेल." माझ्या १९ तारखेच्या पत्राचं हे उत्तर, इतके दिवस कुठे भटकत होतं ते पोस्टालाच ठाऊक. एक दिवस आधी मिळालं असतं! मी कार्ड हातात घेऊन जिन्यातच बसून राहिले. शेजारच्या पट्टनायकबाईंनी पाणी आणून दिलं.

आता रविवारचं ऐक.

आबांनी मास्क काढला, नळी ठेवली. पहिले बोल्ट मिस्त्रीने सोडवले. खाऱ्या पाण्यातलं मशीन, एकेक बोल्ट किंचाळत निघत होता. मग आबांनी पाना मागितला. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, पहले गरम कर लेते हैं." तो गॅसची बंदूक आणायला वळला आणि आबांनी तेवढ्यात जोर लावला. उभे राहून, दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून. खालून तिसरा. कट् असा आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यातून उडून कुठेतरी गेलं आणि उरलेला बोल्ट आत ब्लॉकमध्ये राहिला. आबा भिंतीवर आपटले. लागलं नाही, पण श्वास जागेवर यायला इतका वेळ लागला की हेरंब गाडी काढायला धावले.

डोकं सापडलं नाही. आबांनी सगळ्यांना अंगणभर शोधायला लावलं.

बाकीचे बोल्ट निघाले, हेड निघालं. आणि आत दोन गॅस्केट. एकावर एक, नीट बसवलेली, कडेने सफाईने कापलेली. मिस्त्रीला कळलं नाही, तो म्हणाला किसी ने गलती से डबल लगा दिया. आबांना कळलं. त्यांनी ती दोन्ही बोटांनी वेगळी केली, सिलिंडरच्या आत बोट फिरवलं, आरशासारखं होतं, एक ओरखडा नाही. मग म्हणाले, "रॉकेलार चालवी होतो."

मला अर्थ लागायला वेळ लागला. नंतर त्यांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मास्कमधून. जाड गॅस्केट घातलं की आतली जागा वाढते, दाब उतरतो, तेव्हा मशीन रॉकेलवर न ठोकता चालतं. पूल झाल्यावर होडीत कोण बसत होतं? पलीकडच्या तीन म्हाताऱ्या आणि पोस्टाची पिशवी. पेट्रोल परवडणं शक्य नव्हतं. तरी तू दोन वर्षं फेरी चालू ठेवलीस. का ते मी तुला विचारत नाही. तेव्हा आबा दम्याने घरी बसलेले, सकाळ-संध्याकाळ ओसरीवर कान लावून. मशीनचा आवाज आला की चहा मागायचे. तू त्यांच्या चहासाठी होडी चालवलीस, दादा, आणि आमच्यापैकी एकालाही बोलला नाहीस. स्वतःच्या मशीनमध्ये रॉकेल घातलेलं त्यांना सहन झालं नसतं म्हणून! माणसाने किती मुकं असावं?

मी आबांना विचारलं, तुम्हाला आवाजातला फरक कळला नाही? म्हणाले, "आवाज जरा जाड झाल्लो. माका वाटलां, माजेच कान गेले."

आणि मग हे. हे तुला लवकरात लवकर मिळावं म्हणून स्पीड पोस्ट करतेय. काल रात्रीपासून त्यांनी मला तीनदा विचारलंय की लिहिलं का. त्यांच्याच शब्दांत:

"तेका लिव. मशीन मियां मारलंय. तेना नाय."

मागच्या वेळी त्यांनी सांगितलेलं मी लगेच लिहिलं होतं. हे त्याच्या आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं. तोंड दाखव नको हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही, ते खोडून टाक. तू ये. तुला बघून त्यांना दम लागणार नाही. तू नाहीस म्हणून लागतोय.

रेवू


१८ नोव्हेंबर

दादा,

मोबाइलवर स्पीड पोस्टाचं बघितलं. "घर बंद, पत्र परत नेले." दुसऱ्या दिवशीही तेच.

तुझ्या शेजारच्या भीमाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तू कुणाच्या तरी ट्रॉलरवर गेलायस, गोव्याच्या खाली, कधी येशील सांगून गेला नाहीस. ट्रॉलरच्या मालकाचा नंबर मिळवला, तो म्हणतो समुद्रात रेंज नाही, किनाऱ्याला लागले की निरोप देतो. भीमाबाईंना म्हटलं, पोस्टमनकडून पत्र घेऊन ठेवा. बघते म्हणाल्या. तुझा फोन मी रोज लावते. आधी तू उचलायचा नाहीस तेव्हा निदान वाजायचा तरी.

मग हे पत्र कुणाला लिहितेय? माहीत नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेय आणि दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून लिहितेय.

गुरुवारी आबांना ॲडमिट केलं. ओठच नव्हे, नखंही निळी झाली होती. आता मोठा मास्क लावलाय, तोंडावर गच्च आवळलेला, यंत्र जोराने हवा आत लोटतं. जेवण नळीतून. बोलायचं असलं की मास्क जरा उचलावा लागतो आणि उचलला की पडद्यावरचा आकडा झरझर उतरतो, नर्स ओरडते. आकडे बघून बघून मला आता काही वाटेनासं झालंय. ऐंशी दिसलं की मात्र मी उठून उभी राहते.

डॉक्टर चांगले आहेत. म्हणतात, जे करता येतं ते सगळं करतोय. मी विचारलं, आणखी काय करता येईल? ते म्हणाले, "और क्या करें, आप ही बताइए." उद्धटपणे नाही, खरंच विचारत होते. मी काय सांगणार? मी सेक्शन ऑफिसर. फाइलवर लिहायचं असतं तर लिहिलं असतं.

आबांनी आज मास्क उचलून दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "मारुतीचा पत्र?" मी म्हटलं, येईल. दुसरी, "बोल्ट गावलो?" मी म्हटलं, नाही.

ही दुसरी गोष्ट त्यांना का हवी आहे ते तुला कळेल. त्यांना ती तुटलेली जागा बघायची आहे. काळपट आहे की चकचकीत.

नाही सापडला, हे आज खरं होतं. घरी जाऊन सृष्टी आणि मी वॉशिंग मशीन हलवून परत शोधणार आहोत.

दादा, कुठल्या समुद्रात आहेस?

रेवू


२३ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र हेरंब तुला निजामुद्दीनला गाडीतून उतरल्यावर देतील. अशा वेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, तुला माहीत आहे, म्हणून लिहून देतेय. प्लॅटफॉर्मवर बाकडं बघून बस आणि मग वाच.

आबा आज दुपारी गेले. मी जवळ होते, सृष्टी होती. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणतात. झाला असता तरी मला कळलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुझा फोन आज सकाळपासून लागत होता. तू गाडीत एकटा, पुढे अजून अर्धा दिवस काढायचा, आणि मी फोनवर ते सांगायचं, हे मला जमलं नाही. तू मला तीनदा विचारलंस आणि तीनदा मी म्हटलं, झोपलेत. यावर रागावायचं असेल तर रागाव.

परवाच्या तुझ्या फोनबद्दल सांगायचंय. तू बंदरावर उतरलास, भीमाबाईंकडून माझं पत्र घेतलंस आणि तिथूनच फोन लावलास. तू बोललास ते तुला ठाऊक आहे. इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, ते ऐक.

मी फोन आबांच्या कानाशी धरला. मला वाटलं, तू रडशील, माफी मागशील, निदान "आबा, कसे आहात" म्हणशील. वर्षभराने बोलत होतास ना! तू विचारलंस, "आबा, बोल्ट कुठला तुटला?" मला तिथे हसू आलं, खरंच. नर्सने वळून पाहिलं. आबांना मास्कमधून बोलता येत नव्हतं. त्यांनी चादरीवरून हात बाहेर काढला, तीन बोटं वर केली आणि हात खाली दाबला. मी तुला सांगितलं, खालून तिसरा. आणि तू म्हणालास, "तो आधीच गंजाने खाल्लेला होता, आबा. गॅस्केट घालताना मला जाणवलं होतं. आज ना उद्या तुटणारच होता. तुमच्या हातून नाही तुटला."

आबांनी डोळे मिटले. तीन बोटं तशीच वर होती, ती सावकाश खाली आली. त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. तुझं वाक्य मी सकाळी त्यांना परत एकदा ऐकवलं. त्यांनीच खूण करून मागितलं.

आता पुढचं. बोल्टचं डोकं सापडलं. तुझ्या फोनच्या आदल्या संध्याकाळीच सापडलं होतं, मोरीच्या जाळीत अडकलेलं. तुझ्याशी बोलताना ते माझ्या पर्समध्ये होतं. तुटलेली जागा चांदीसारखी आहे, दादा. कडेपासून मध्यापर्यंत चकचकीत. इतके दिवस पडून राहिलं तरी कणभर काळं नाही. धडधाकट बोल्ट होता. तू तो बसवलास तेव्हाही धडधाकट होता, आणि हे तुला चांगलं ठाऊक होतं.

काल आबांनी मास्क उचलून परत विचारलं, "गावलो?"

मी म्हटलं, नाही आबा. सगळीकडे शोधलं.

त्यांनी माझ्या हातातल्या पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसले. मास्कच्या आत, पण हसले. चाळीस वर्षं पाना धरलेला माणूस, बोल्ट तुटताना हाताला कसा तुटला हे त्यांना कळलं नसेल का? आपण दोघांनी मिळून त्यांना फसवलं आणि त्यांनी आपल्याला फसवू दिलं, असं मला वाटतं. खरं काय ते आता विचारायला माणूस नाही.

सगळे म्हणतायत उशीर करू नका, इथली हवा, इथले नियम, गर्दी. मी सगळ्यांना सांगितलंय की अग्नी मारुती देईल. आम्ही थांबलोय. मशीन अंगणात आहे तसंच आहे, हेड उघडं, वर चादर घातलीय. आतला तुटका बोल्ट कसा काढायचा ते मला येत नाही, ते तूच बघ.

बोल्टचं डोकं या पाकिटात घातलंय. नीट काढ, खाली पडेल.

रेवू